एक नळी तापली, एक गार पडली

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. वयाने माझ्याहून मोठे, शिक्षण आठवीपर्यंत. मी रसायनशास्त्र शिकवायचो आणि मनातल्या मनात त्यांना बाटल्या धुणारा माणूस समजायचो. हे आधीच कबूल करतो.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन बरण्यांची लेबलं वाळून गळून पडली होती. एकीत नवसागर, दुसरीत कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही पांढरे. परिचर जेवायला गेले होते. मी घाईघाईत डिंकाने लेबलं लावून टाकली, ती एकीचं दुसरीवर.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मुलांना उष्मादायी क्रिया कोणती आणि उष्माग्राही कोणती, ते ओळखायचं होतं. एक मुलगी म्हणाली, "सर, नवसागरानं नळी तापून राहिली. पुस्तकात तर थंड होते म्हणून आहे!"

गलका ऐकून प्राचार्याबाई आल्या आणि थेट परिचरांवर घसरल्या. "साधं लेबल वाचता येत नाही? सोमवारपासून फाटकावर बसा."

मी हजेरीपट चाळू लागलो.

परिचरांनी दोन नळ्यांत पाणी घेतलं, दोन्ही बरण्यांतली चिमूट चिमूट टाकून हलवलं आणि नळ्या बाईंसमोर धरल्या. "हात लावून पाहा, मॅडम. ही तापली, हे कॅल्शियम. ही गार पडली, हा नवसागर. माहा बाप कल्हई करत जाय. नवसागर पाण्यात पडला का भांडं गार. अन् कळीचा चुना भिजवा, डबा हातात धरवत नाही. याले वाचाले कायले लागते?"

पुस्तकातली व्याख्या मला तोंडपाठ होती, पण त्या दोन नळ्या हातात घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

परीक्षा मार्गी लागली. फाटकाचा हुकूम मात्र कायम राहिला. लेबलं बदलताना ते हळूच म्हणाले, "सर, मी मोरचूद टाकलेल्या खळीनं चिकटवतो. कागदाले निळी कड येते. इथं तर डिंक आहे."

डिंकाची बाटली फक्त माझ्या टेबलावर असायची.

"मग बाईंना सांगितलं का नाही?"

"मी काहून सांगू? तोंड तुमाले बी आहे ना, सर."

त्या तोंडाने मी दोन दिवस काही बोललो नाही. सोमवारी ते फाटकाशी स्टुलावर बसलेले दिसले. मला पाहून नेहमीसारखेच उठून उभे राहिले. मग मात्र माझे पाय वर्गाकडे वळेनात. तसाच बाईंच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं.

"शिपायाला पाठवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच जा. घेऊन या त्यांना."

फाटकाशी जाऊन मी माफी मागितली. पुढचे शब्द जुळवेपर्यंत त्यांनी स्टूल उचलून काखेत मारलं होतं.

"चला सर. शनिवारच्या नळ्या कोणी धुतल्या नसतील."