पडद्यावर थांबलेली माणसं

केबलवाल्याकडे किस्से साठतातच. पाहुण्याला लोक ओसरीवर बसवतात, पण केबलवाल्याला थेट टीव्हीपर्यंत नेतात, आणि घरातलं सगळं तिथंच तर चाललेलं असतं! कळमनुरीत मी आणि माझा पार्टनर भीमराव केबल चालवायचो, आजूबाजूच्या गावांत डिशच्या छत्र्याही बसवायचो. अँटेनाच्या काळात चित्र बिघडलं की मुंग्या यायच्या. मुंग्यांना कोण भिणार? पुढे डिजिटल डबे आले, चित्र दाबून पाठवायची एमपेग नावाची भानगड आली, आणि आमच्या किश्श्यांत भुतं शिरली.

*

पुसेगावच्या एका मास्तरांचा फोन आला. "भाऊ, ती बातम्यांची बाई आमच्याकडं बघून राहिली."

"बातम्या देते म्हणजे बघणारच की, सर!"

"तसं न्हाई. बातम्या संपल्या, जाहिराती वाजून राहिल्या, अन् ही अजून बघूनच राहिली. एक डोळा अर्धा मिटलेला!"

चित्र अडकलं होतं, आवाज पुढे गेला होता. मी जाऊन डबा बंद-चालू केला, बाई गेली. पुढे कधीतरी पुन्हा गेलो तर टीव्हीवर टॉवेल! मास्तरीणबाई समोर बसून सिरियल नुसती ऐकत होत्या. मी टॉवेलाला हात घातला तर म्हणाल्या, "राहू द्या. ती गेली का न्हाई, काय भरोसा?"

*

एका चॅनलवाल्यांनी न सांगता एमपेग-टू सोडून एमपेग-फोर धरलं. जुन्या डब्यांना चित्र उलगडेना, आवाज मात्र बराबर यायचा. आणि चॅनल नेमकं विनोदाचं! बाजारातले एक दुकानदार धापा टाकत आले. "टीव्ही काळा पडला, अन् आतून माणसं हसून राहिली!"

मी त्यांना चहा पाजून टू-फोरचं सगळं समजावलं. उठताना म्हणाले, "ते समजलं. पण हसून कोणाला राहिली?"



*

सिद्धेश्वर धरणाजवळच्या हॉटेलात भीमरावने छत्री बसवली. मॅच चालू होती. आतल्या खोलीतून मालकाची आंधळी आजी ओरडली, "गेला!" पडद्यावर बॉलर अजून पळतच होता. आणि लगेच दांडी गुल! पुन्हा तसंच झालं. हॉटेलात सगळ्यांच्या ताटातले मासे गार.

भीमराव आत गेला, तर आजीच्या पदराखाली रेडिओ! चित्र दाबायचं, वर उपग्रहाला पाठवायचं, खाली आणून उलगडायचं, त्यात वेळ जातो. रेडिओ आधी पोचतो. सगळ्यांना पटलं. तरी एकजण पोरीचं स्थळ विचारायला आजीकडे आलाच. आजीने रेडिओ कानाला लावला, थोडं ऐकलं आणि म्हणाली, "हे नको."

*

गंगाधरकाकांच्या नातीचं लग्न होतं. काकू लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे काका जायलाच तयार नव्हते. काकूंनीच त्यांना पाठवलं, "जा तुमी. मी टीव्हीत बघते तुमाला." म्हणून हॉलमधून आमच्या चॅनलवर लाइव्ह लावलं. भीमराव कॅमेऱ्यावर, मी कंट्रोल रूममध्ये. काका मुद्दाम कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले.

पंचशील झालं आणि फुलांचा नुसता पाऊस! चित्राचे चौकोन चौकोन झाले. काकूंचा फोन आला, "नवरी फुटून राहिली, नवरदेव फुटून राहिला. हे मात्र एकदम साफ!"

"आमचं यंत्र फक्त हलतं तेवढंच नवीन पाठवतं, काकू. जो हलत नाही तो फुटत नाही. काकांना असंच बसू द्या!"

काकू खुदकन हसल्या. "आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसले!"

थोड्या वेळाने पुन्हा फोन. आवाज एकदम बारीक. "भाऊ, त्यांच्या चष्म्यावर पाकळी पडली. काहून झटकून न्हाई राहिले?"

मी पडद्याकडे बघितलं. काकांची छातीही हलत नव्हती. काकूंचा फोन तसाच ठेवून मी घाईने मोबाइलवर भीमरावला लावला, "भीमराव, काकांना बघ!" काकूंना ते ऐकू गेलं असावं.

"सांगा तिथल्या लोकांना, सांगा," त्या म्हणाल्या. "पण कॅमेरा हलवू नका. मला बघू द्या."