पट्टीवर येईपर्यंत

जिन्यात, दातांच्या डॉक्टरकडे, भाजीच्या रांगेत, कुठेही गाठ पडली की लोक पट्टीवाल्या बाईंना एकच विचारतात, "खरं सांगा, टीव्हीवर दाखवतात ते खरं असतं का हो?" बाई चष्मा वर सरकवतात. "सगळ्या टीव्हीचं मला काय विचारता? माझ्या पट्टीपुरतं विचारा."

पट्टी म्हणजे पडद्याच्या तळाशी पळत जाणारी बातम्यांची ओळ. एका छोट्या वाहिनीच्या कचेरीत, पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर बसून बाई गेली एकवीस वर्षं ती टाइप करतात. निवेदक कोट घालून मिरवतात. बाईंचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. पण कचेरीत दरारा त्यांचाच. बातमीदाराने फोनवरून कुणी गेल्याचं कळवलं की बाईंचा प्रश्न ठरलेला, "तुम्ही स्वतः काय पाहिलंत?" उत्तर पटेपर्यंत त्या कीबोर्डला हात लावत नाहीत, मग संपादकांनी कितीही आदळआपट करू दे.

हा हट्ट उगाच आलेला नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बातमीदाराने कळवलं, की इस्पितळात दाखल असलेले वयस्कर कवायत मास्तर गेले. बाईंनी लगेच तशी ओळ पट्टीवर सोडली. तिसऱ्या दिवशी मास्तर काठी टेकत कचेरीत हजर! बातमीदाराने रिकामी खाट पाहिली होती. मास्तरांना नुसतं वरच्या मजल्यावर हलवलं होतं. आता आपली काही खैर नाही, असं बाईंना वाटलं. पण मास्तर ओरडले नाहीत. समोरच्या खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "माझी बहीण सहा तास गाडीत रडत आली हो. तिचं ते रडणं आता परत घ्या." ते कसं घेणार? बाई त्या बहिणीच्या घरी जाऊन माफी मागून आल्या. तिने माफ केलं, वर चहा पाजला. बाईंनी मात्र स्वतःला माफ केलं नाही, आणि नव्या येणाऱ्या प्रत्येक बातमीदाराला ही रिकाम्या खाटेची गोष्ट ऐकवायला सुरुवात केली.

सर्वांत जास्त वेळा ती ऐकली तुफानने. हा बातमीदार इतका उतावळा, की आग लागण्याआधीच बंब निघाल्याचं कळवेल. बाईंनी त्याला फोनवर इतकं झापलं होतं, की तो नंबर लावण्याआधी पाणी प्यायचा म्हणे.

घरीही बाईंच्या कामाचं फार कौतुक नव्हतं. धाकटा भाऊ बस चालवायचा. त्याची बायको तोंडावर म्हणायची, "ताई, तुमच्या पट्टीवर येईपर्यंत बातमी शिळी होते." ती दुसरी, कानठळ्या बसवणारी वाहिनी बघायची. भाऊ शहाणा, दोघींचं चाललं की मुकाट्याने जेवत राहायचा.

मग तो मंगळवार आला. सकाळी अकराच्या सुमारास एक बस पुलाचा कठडा तोडून कालव्यात गेली. दहा मिनिटांत कानठळ्या वाहिनीवर मोठ्या लाल अक्षरांत झळकलं, "चालकासह नऊ ठार". बाईंनी पडद्यावर बसचा नंबर वाचला आणि लगेच भावाला फोन लावला. बस भावाची होती. त्याचा फोन लागत नव्हता.

संपादक धावत आले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. "बाई, सगळीकडे चाललंय! टाका चटकन!"

बाईंनी तुफानला फोन लावला. तो पुलावरच होता. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला खरा, पण आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

"बाई, चालकाची सीट रिकामी आहे," तो धापा टाकत म्हणाला. "सगळे म्हणतात गेला. पण मी सीट पाहिली, माणूस नाही पाहिला. लिहू नका. मी शोधतो."

बाईंनी फोन ठेवला आणि संपादकांना सांगितलं, "नाही टाकत." का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रडू आलं असतं. तेवढ्यात भावजयीचा फोन आला. ती नुसती हुंदके देत होती.

"ताई, दाखवतायत हो..."

"माझ्या पट्टीवर येईपर्यंत मानायचं नाही. ऐकलंस?" बाईंनी दटावलं. मानायचं नाही, हे त्या स्वतःलाही बजावत होत्या आणि त्यांचं मन काही ऐकत नव्हतं.

पाऊण तास गेला. इस्पितळात चालक सापडला नाही, असं तुफानने मध्ये एकदा कळवलं. मग पुन्हा फोन वाजला.

"बाई, पाहिला! पुलापलीकडच्या छोट्या दवाखान्यात. हात मोडलाय. लोकांना बाहेर काढताना चपला वाहून गेल्या, म्हणून माझ्यावरच डाफरतोय."

"तुम्ही स्वतः..."

"बाई, घ्या, बोला त्याच्याशीच."

"ताई," पलीकडून आवाज आला, "अगं, नव्याकोऱ्या होत्या गं."

बाईंनी डोळे पुसले आणि टाइप केलं, "बस अपघातात तिघांचा मृत्यू. चालक जखमी, प्रकृती स्थिर." त्या तिघांसाठीही त्यांनी इस्पितळात दोन-दोनदा विचारून घेतलं होतं. त्या तीन घरांसाठी हात जोडून मगच त्यांनी ओळ सोडली आणि भावजयीला फोन लावला.

"वाचलं ताई, आत्ताच वाचलं," ती रडता रडता हसत होती. "त्या दुसऱ्या वाहिनीवर हे अजून गेलेलेच आहेत. पुन्हा तिकडे बघवेना, म्हणून रिमोट शेजारणीकडे देऊन टाकला."

संध्याकाळी तुफान गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून कचेरीत आला. बाईंनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. इतक्या वर्षांत तिथे कुणाला टेकू दिलं नव्हतं. त्यांना म्हणायचं होतं, बाबा, तुझे उपकार कसे फेडू. पण तोंड उघडलं आणि एकदम हुंदकाच फुटला.

तुफान गोंधळला. काय करावं ते न सुचून त्याने पिंपातलं पाणी आणून दिलं.

"बाई," तो म्हणाला, "हे रडणं मात्र परत घ्यायचं नाही."