बाईंचं नाव मी सांगितलं

माझ्यामुळे बाईंची बदली झाली.

ऐंशी वर्षं होत आली. घरात आजवर कोणालाच सांगितलं नाही. आज बाईंची पुण्यतिथी, म्हणून नातीकडून टाईप करून घेतेय.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांतात होता. मोताळ्याजवळच्या गावात मुलींची शाळा. मी तिसरीत.

वर्गात मी तोंडच उघडत नसे. "मले" म्हटलं की आधीच्या बाई छडी मारायच्या. घरची भाषा चालेना, पुस्तकातली जमेना.

मग सुभद्राबाई आल्या. तरुण विधवा, सोबत आंधळी सासू. नोकरी गेली तर दोघींना कोणाचा आधार नाही.

मुली गप्प का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी प्रयोग केला. धडा पुस्तकातून वाचायचा, पण सांगायचा आपल्या बोलीत. कोण बोललं, कोण नाही, रोज वहीत लिहायच्या.

आठव्या दिवशी मी उभी राहिले.
"बाई, मले येते."

आणि एक दिवस तपासणीला डिप्टीसाहेब आले. हातात वेताची काठी.

त्यांनी मलाच उठवलं. धड्यातल्या माणसानं विहीर का खोदली?

"त्याले पाणी पायजे होतं."

काठी टेबलावर आपटली. "असं बोलायला कोणी शिकवलं?"

परकर ओला झाला. बाईंकडे पाहिलं, त्या खाली बघत होत्या.

मी बोट दाखवलं. "बाईनं."

साहेब वही घेऊन गेले. महिन्याभरात बाईंची बदली झाली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बीबी गावी. छकडं निघालं तेव्हा मी दाराआड लपले होते.

पुढं मीही शिक्षिका झाले. ट्रेनिंगमध्ये 'कृती संशोधन' शिकवलं. अडचण शोधा, उपाय करून बघा, नोंदी ठेवा. ऐकता ऐकता मला ती वही आठवली. बाई हेच तर करत होत्या!

हिंमत करून बीबी गाठली. बाई थकल्या होत्या. दारातच म्हटलं, "बाई, साहेबाले तुमचं नाव सांगणारी मीच."

"माहीत हाय मले. बस."

पाण्याचा तांब्या पुढं ठेवून म्हणाल्या, "तुह्यापेक्षा जास्त मी भेली होती वं. 'हाव, मीच शिकवलं' असं म्या म्हणाले पायजे होतं. मी त चूप राह्यली. लेकराले पुढं केलं."

मला रडू आवरेना.

"इथं पुन्हा तसं शिकवलं का, बाई?"

"शिकवलं ना. दार लावून."

आजही कोणी मोठ्या आवाजात प्रश्न विचारला की ती काठी आपटल्याचा आवाज कानात घुमतो. पण मी उत्तर देते.

बाई, तुमच्या तिसरीतल्या मुलीची ही श्रद्धांजली.