मुठीचं माप

बाबांच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची मूठ बदलायला आम्ही कारागिराकडे गेलो होतो. नेमबाजीच्या स्पर्धांत त्यांनी वीस वर्षं चालवलेलं ते पिस्तूल कंपवात झाल्यापासून हातात स्थिर राहत नव्हतं. नवी मूठ बसवली की जमेल, असं ते म्हणत.

कारागिरानं दोन नमुने पुढे ठेवले. "रबराची घ्या साहेब, घाम आला तरी सुटत नाही."

बाबा अक्रोडाच्या लाकडावरून नुसताच अंगठा फिरवत राहिले. रबर कुठल्याही हाताशी जुळवून घेतं; लाकूड एका हातासाठी कोरलं की मग दुसऱ्याचं होत नाही. जन्मभर एकाच गोष्टीत रमलेल्या माणसाचंही तसंच होत असावं. ती सुटली की रिकाम्या हातांत दुसरं काही बसतच नाही.

"लाकडाचीच करा," बाबा म्हणाले.

मापासाठी कारागिरानं मऊ मातीचा गोळा दिला. बाबांनी तो मुठीत धरला, पण बोटांचे ठसे उमटता उमटताच फिसकटत होते. तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा त्यांनी गोळा माझ्या हातात ठेवला.

"हिच्या हाताचं माप घ्या."

नेमबाजी मी त्यांच्याकडूनच शिकले होते. तरी मला मूठ मिटवेना.

"आधी श्वास सोड," बाबा हळूच म्हणाले, "मग दाब."