स्लॅबवरच्या बांध्या

इश्वरचं मोटार भरायचं दुकान कोंढ्याच्या बाजारचौकात होतं. जळालेली पंपाची मोटार त्याच्याकडून भरून नेली की लवकर परत दुरुस्तीला येत नसे. तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरायचा. एक वेढा चुकला तर सगळी तार काढायची, पुन्हा बसायचं. म्हणूनच राइस मिलवाल्या घनश्यामभाऊंनी त्याला भागीत घेतलं. प्लॉट घनश्यामभाऊंचा, बांधकाम दोघांचं, चार खोल्या किरायाने द्यायच्या. शिक्षक, नर्स, कालव्यावरचे कर्मचारी गावात येत आणि राहायला जागा नाही म्हणून पवनीहून जा-ये करत. स्टॅम्पपेपरवर घनश्यामभाऊंनी एक ओळ मुद्दाम घातली: देखरेख आणि पाणी मारणे इश्वरकडे.

"मले मिल सोडता येत नाही," ते म्हणाले. "अन् तुह्यासारखा मोजून काम करणारा कोन आहे गावात?"

इश्वरला ते ऐकून बरं वाटलं होतं.

मिस्त्री होता जागेश्वर. दिवाळी झाली आणि स्लॅब टाकून झाला. दुसऱ्या दिवशी जागेश्वरने त्यावर गाऱ्याचे लहान लहान धुरे, म्हणजे बांध, घालून चौकोन पाडले.

"एकवीस दिवस यात पाणी पाहिजे, इश्वरभाऊ."

"हे तं बांध्याच झाल्या गा! धान रोवू का?"

"रोवा. पन पाणी तुटू देऊ नोका."

काम काही फार नव्हतं. विहिरीवर इश्वरचीच मोटार. बटण दाबायचं, वर जाऊन अर्धा तास नळी धरायची, सकाळी आणि संध्याकाळी. चार दिवस त्याने ते केलं.

पाचव्या दिवशी सासुरवाडीहून, दिघोरीहून, साळ्याचा फोन आला. मंडई होती. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे नाटक-तमाशांची जत्रा, भरते आणि जावयाने नाही म्हणायची रीत नाही. इश्वरने चौकोन काठोकाठ भरले आणि बायकोला, मंदाबाईला, गाडीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी परत यायचं होतं. चार दिवस राहिला. जन्म धानाच्या बांधीत गेलेला. भरल्या बांधीतलं पाणी चार दिवसांत कुठं जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बांधीखाली चिखल असतो. ताजा स्लॅब पाणी पितो, आणि वर ऊन किती होतं, याचा विचार त्याने केला नाही. जागेश्वरचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. जाताना हाक मारली असती तरी काम झालं असतं.

परत आला तेव्हा चौकोन पांढरेफटक पडले होते. केसासारख्या भेगा आडव्यातिडव्या गेलेल्या. त्याने नळी सोडली. पाणी चढलं तशा भेगा दिसेनाशा झाल्या.

संध्याकाळी जागेश्वर चौकात भेटला. "पाणी चालू आहे ना रोज?"

"रोज," इश्वर म्हणाला.

रामनवमीच्या सुमारास चारही खोल्या किरायाने लागल्या. एका खोलीत रक्षा नावाची नर्स आली. जुलैच्या झडीत तिच्या पलंगावर पाणी ठिबकायला लागलं. ती मिलवर आली.

"काका, ठिबकते तिथं गंज-भांडे ठेवून झोपून राहिली मी. एक डोक्याशी, एक पायाशी."

घनश्यामभाऊंनी जागेश्वरला बोलावून घेतलं. भरडाईला आलेले दहाबारा जण पोत्यांवर बसले होते. त्यांच्यासमोरच सुरू झाले. "सिमेंट कुठं गेलं बे? घरी नेलं का? इश्वरने एकवीस दिवस पाणी मारलं आहे, त्याच्यावर तं बोट ठेवू नोको. बाकीच्यायले बी सांगतो, या मानसाले काम देऊ नोका."

इश्वर तिथेच मिलच्या मोटारीपाशी पान्हा घेऊन बसला होता. त्याने मान वर केली नाही. घट्ट असलेला नट तो पुन्हा घट्ट करत राहिला.

पुढच्या आठवड्यात उघाड पडली. इश्वर स्लॅबवर गेला तर जागेश्वर तिथे उकिडवा बसलेला. कोणी बोलावलं नव्हतं, मजुरी मिळणार नव्हती. छिन्नीने त्याने एक टवका काढला होता आणि तो बोटांनी चोळून पाहत होता.

"सिमेंट तं बराबर आहे," तो म्हणाला. "रेती बी मीच चाळली होती. इश्वरभाऊ, तुमी रोज पाणी मारलं. मंग माह्याच हातून काही तरी चुकलं असन. बावीस वर्सं झाले, असं कधी झालं नाही. आता हात पाहिले का भेव वाटते."

तो आपले हात उलटेसुलटे करून पाहत होता. इश्वरला शिवी चालली असती. हे ऐकवेना. तो खाली उतरला आणि तडक मिलवर गेला. बाजाराचा दिवस, पोत्यांवर माणसं होतीच. ते बरंच झालं. जागेश्वरवर तिथं घातलेला आळ तिथंच काढायला हवा होता.

"भाऊ, मिल बंद करा जरा."

"काहून? मोटारीले काही झालं का?"

पट्टा थांबला. "मी पाणी नाही मारलं," इश्वर म्हणाला. "मंडईले गेलो होतो. चार दिवस स्लॅब कोरडा होता. जागेश्वरचं काम चोख आहे."

कोणीतरी हसलं. घनश्यामभाऊ हसले नाहीत. "अर्ध्या तासाचं काम, अन् तेबी नळीनं," ते म्हणाले. "अन् त्या दिवशी तू इथंच बसून आयकत होता?"

"हो."

"जा. माह्यासमोर बसू नोको आता."

भागी मोडली नाही. घनश्यामभाऊ संध्याकाळी स्वतः जागेश्वरच्या दारी गेले. दिवाळी झाल्यावर स्लॅबवर नवा थर पडला, इश्वरच्या खर्चाने. धुरे जागेश्वरनेच घातले. पाणी तुटू देऊ नका, असं या वेळी तो म्हणाला नाही.

दिघोरीच्या मंडईला मंदाबाई एकटीच गेली. इश्वर नळी धरून उभा राहायचा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. अंधार पडायच्या आधी जागेश्वर जिना चढून यायचा. इश्वरकडे न पाहता एकेका चौकोनात बोट बुडवायचा. कांडं बुडालं की पुढच्या चौकोनाकडे जायचा. एकवीस दिवसांत एकही चौकोन त्याने सोडला नाही. तो मोजून होईपर्यंत इश्वर खाली मान घालून उभा असायचा.