मामांच्या ब्रेकमधली हवा

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात एकही चालू वस्तू सुखाने चालू राहू दिली नाही. पंखा फिरत असला की त्यांना तो किंचित डावीकडे झुकून फिरतोय असं दिसे. रेडिओ बोलत असला की त्याचा घसा बसलाय असं वाटे. मग रविवारी जेवणं झाली की फरशीवर जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि त्यावर त्या वस्तूची आतडी बाहेर यायची. संध्याकाळी सगळं पुन्हा जागच्या जागी बसे, फक्त दर वेळी तीन-चार स्क्रू उरत. माझं लग्न नवीन होतं तेव्हा मी भीत भीत विचारलं, "मामा, हे बसवायचे राहिले वाटतं?" तर म्हणाले, "राहिले नाहीत जावईबापू, कंपनी जास्तीचे देते." आणि त्यांनी ते शांतपणे बरणीत टाकले. त्या बरणीतून आणखी एक पंखा उभा राहिला असता असं मामी म्हणायच्या.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला मामा-मामी वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आले आणि पाठोपाठ आम्हीही त्यांच्या शेजारच्या इमारतीत आलो. रस्ते हे एवढे रुंद आणि त्यांवर माणूस दिसायचा नाही. मामींचं माहेर उरणला, मोरा बंदराच्या वाटेवर. आई ऐंशीच्या पुढची आणि मामी तिची एकुलती एक लेक. पण मामींचे गुडघे गेले आणि एसटीची ती उंच पायरी त्यांना चढवेना. मुंबईचे टॅक्सीवाले तेव्हा खाडी ओलांडून वाशीला यायचं नाव काढत नसत. तेव्हा एके दिवशी मामांनी कोणालाही न विचारता एक जुनी करडी मोटार आणून इमारतीखाली उभी केली आणि त्याच दिवशी आपल्या सासूबाईंना पत्र टाकलं : गाडी घेतली आहे, लेकीला घेऊन लवकरच येतो.

गाडी सुरू व्हायची उत्तम. थांबायची मात्र नाही. ब्रेकवर पाय दिला की तो लोण्यात रुतावा तसा खालपर्यंत जाई. मामींनी गॅलरीतून गाडीची पहिली फेरी पाहिली. ती फेरी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला टेकून संपली. मामींनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "ही गाडी थांबते हे मी माझ्या डोळ्यांनी बघेन, त्या दिवशी बसेन."

दुसऱ्या कोणी गाडी गॅरेजात नेली असती. मामांच्या मते गॅरेजवाला म्हणजे धडधाकट गाडीत बिघाड घालणारा माणूस. त्यांनी चारी चाकं खोलली, आतलं सगळं पुसलं, पुन्हा बसवलं आणि एक स्प्रिंग उरली. मी गार पडलो. पंख्याचं ठीक होतं, पण ब्रेकमधूनही जास्तीचं निघतं हे मला नवीन होतं. मामांनी स्प्रिंग उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "हिचं काही काम दिसत नाही. दोष हवेचा आहे. ब्रेकच्या नळीत हवा शिरलीय, ती काढली की झालं."

हवा काढायला माणसं दोन लागतात. एकाने आत बसून पायाने ब्रेक चार-पाचदा मारायचा आणि दाबून धरायचा. दुसऱ्याने चाकामागचा एक छोटा स्क्रू सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर हवा बाहेर पडते. मग स्क्रू पुन्हा आवळायचा. पाय मी आणि स्क्रू मामा, अशी वाटणी झाली, ती पुढे सात महिने दर रविवारी चालली. मामा मागच्या चाकाखाली आडवे, तेल धरायला मामींच्या स्वयंपाकघरातली वाटी, हातात एक पाना आणि दातांत दुसरा. तिथून हुकूम यायचे. "धरा!" मी धरायचो. "सोड...!" मी सोडायचो. "लाव...!" मी लावायचो. तेल वाटीभर निघायचं आणि ब्रेक होता तसाच राहायचा. मामांनी आतले रबर बदलले, वॉशर बदलले, तेल बदललं. शेवटी त्यांनी वाशीलाच दोषी ठरवलं. "इथली खाडीची हवा दमट, जावईबापू. कुठूनही आत शिरते."

एका रविवारी त्यांना वाटलं की आता जमलं, म्हणून आम्ही करावे गावापर्यंत फेरी मारायला निघालो. गावापाशी रस्ता खाडीकडे उतरतो. उतारावर गाडीला भलताच जोर आला. मी ओरडलो, "मामा, ब्रेक!" ते म्हणाले, "दाबतोय." मी म्हटलं, "मग?" ते शांतपणे म्हणाले, "हवा आहे." हा माणूस मरणाच्या दारात निदान सांगत होता! गाडी वाळत घातलेल्या जाळ्यांना वळसा घालून सरळ चिखलात शिरली आणि खिडकीपर्यंत रुतून थांबली. होडीत बसलेला एक म्हातारा जाळं विणायचं थांबवून आमच्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं, "काय रं, गारी धुवाला आनली काय?" मामांनी खिडकीतून त्याला हात जोडून नमस्कार केला. शेवटी गावातल्या पोरांनी दोर लावून गाडी बाहेर ओढली.

पुढच्याच रविवारी सकाळी उरणहून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. मामींची आई न्हाणीत घसरली होती, हाड मोडलं नव्हतं, पण अंथरुणावरून सारखं लेकीचं नाव घेत होती. आम्ही नेहमीप्रमाणे खाली हवाच काढत होतो. मामी जिना एक एक पायरी करत उतरल्या, हातात पिशवी, पायात बाहेरच्या चपला. दार उघडून पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "चला. थांबेल तिथे थांबेल."

मामा चाकाखालून बाहेर आले. म्हणाले, "तू उतर."

"का?"

"ब्रेक लागत नाहीत."

सात महिन्यांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मामी म्हणाल्या, "मग जावयांना घेऊन फिरत होतात ते?"

"जावयांचं वेगळं," मामा म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. पण मामा मामींच्या बाजूचं दार उघडून धरून उभे होते. मामी काही उतरल्या नाहीत. "मग काढा हवा," म्हणाल्या, "मी इथेच बसून बघते."

मामा पुन्हा खाली गेले. "धरा!" मी धरला. "सोड...!" मी पाय उचलला.

"अहो जावईबापू, पाय का उचललात?" मामींनी विचारलं.

"मामा सोडा म्हणाले ना."

मामी खिडकीतून बाहेर वाकल्या. "अहो, तो पाना काढा तोंडातून. काय म्हणालात तुम्ही?"

"सोडलं म्हणालो. म्हणजे मी स्क्रू सोडला. मग आवळल्यावर म्हणतो, लावलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. स्क्रू सोडला की मी ब्रेक सोडत होतो, म्हणजे उघड्या भोकातून हवा आत ओढत होतो. स्क्रू लावला की मी ब्रेक लावत होतो. सात महिने दर रविवारी मामा जेवढी हवा काढत होते, तेवढी मी इमानेइतबारे परत भरत होतो. वॉशर काय, रबर काय, खाडी काय, कोणाचाच दोष नव्हता! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

अर्ध्या तासात ब्रेक लागले. मामांनी इमारतीसमोर दहादा गाडी थांबवून दाखवली, मामींनी दहादा पाहिली. मी घरी जाऊन कपडे बदलून आलो आणि आम्ही उरणला निघालो. मामा इतके जपून चालवत होते की जासईजवळ एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं.

म्हातारी खाटेवर उशीला टेकून बसली होती. लेक आत आली तशी तिने दोन्ही हातांनी तिचं तोंड कुरवाळलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग तिची नजर मामांवर गेली. "जावई, गाडी घेतली म्हणून कळवलंत त्याला सात महिने झाले. रोज दारात बसून वाट बघितली मी. का नाही आलात?"

मी दारात चपला काढत होतो, तिथेच थांबलो. आता सबबीला कंपनी येणार, रबर येणार, नाहीतर खाडीची हवा येणार. नाहीतर खरं ते येणार आणि बोट माझ्याकडे वळणार. मामांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चूक माझी झाली, आई."

खरं तर निदान निम्मी चूक माझी होती. तेवढं बोलायला माझी जीभ उचलली नाही. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा न राहवून मी मामींना ते सांगितलं, की त्या दिवशी मी गप्प बसलो याची लाज अजून वाटते.

मामी म्हणाल्या, "तुम्ही कपडे बदलायला घरी गेलात ना, तेव्हाच त्यांनी मला बजावलं होतं. आईपुढे आपल्या जावयांचं नाव काढायचं नाही म्हणून."