बांधावरची बोर आणि सोनगीरच्या विहीणबाई

समस्त सोयरेधायरे आणि भाऊबंदांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की आमच्या भडगावच्या शेतातल्या बोरीवरून दोन घराण्यांत जे युद्ध पेटले होते, ते यंदाच्या संक्रांतीत संपले. शस्त्र म्हणून बोरेच वापरली गेली. जखमी एकच, माझा नातू, आणि त्याला अजून धड उभेही राहता येत नाही.

बांधावर एक रानबोर आपोआप उगवलेली होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती उन्हाळ्यात जमिनीलगत छाटली आणि पावसाळ्यात नव्या फुटव्यावर ॲपल बोराचा डोळा भरून कलम केले. डोळा लागला. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून तो दाखवायला नेऊ लागले. त्याच सुमारास माझ्या सुनेला दिवस गेले आणि आबांनी फर्मान काढले: घरात गरवार बाई असताना वाढत्या फुटव्याला विळा लावायचा नाही.

डोहाळजेवणाला सुनेची आई, आमच्या सोनगीरच्या विहीणबाई, आल्या. त्यांची स्वतःची ॲपल बोराची बाग. बांधावर जाऊन त्यांनी पदर खोचला आणि वाकून पाहिले. डोळ्याच्या खालून एक फांदी जोमाने वर आली होती. पान बारीक, काटे सुईसारखे. ही रानबोर आहे, आजच काढा, नाहीतर कलम खाऊन टाकील, असे त्या म्हणाल्या. आबा म्हणाले, पणतवाच्या बोरन्हाणाला याच झाडाची मुठीएवढी बोरे असतील, तेव्हा या. मी मध्ये उभा राहून दोघांनाही मान डोलावत होतो.

नातू झाला, बंदी उठली, आबा विळा घेऊन धावले. तोवर कलमाची वाळून काडी झाली होती आणि रानफांदी नवरीसारखी मिरवत होती. पुढच्या पौषात ती लगडली: हरभऱ्याहून जरा मोठी, गोल, आंबटढाण बोरे. बाजारातून चांगली आणू, असे माझ्या आईने सुचवले, तर आबांनी ताट सरकवले. शब्द दिला होता, आणि तोही विहिणीला.

बोरन्हाणाला विहीणबाई टोपलीभर ॲपल बोरे घेऊन उतरल्या. ती टोपली त्यांनी आबांच्या बारक्या बोरांच्या सुपाशेजारी, अगदी खेटून ठेवली.

"आबा, मूठ न्हानी व्हयनी का?"

आबा आढ्याकडे पाहू लागले.

नातू पाटावर बसला. काळे झबले, डोक्यावर हलव्याचा मुकुट. पहिला मान विहीणबाईंचा. त्यांनी चुरमुरे, उसाचे तुकडे आणि आपली बोरे अशी भरगच्च ओंजळ ओतली. एक बोर मुकुटावर आदळले, दुसरे नाकावर. मुकुट कानावर उतरला आणि पोराने असा सूर लावला, की गल्लीतली दारे उघडली. बायका गोंधळल्या. तेवढ्यात आबा उठले, बायकांच्या घोळक्यात शिरले आणि त्यांनी आपले सूप नातवावर हलकेच कलते केले. बारकी बोरे खांद्यांवरून टुणटुण उड्या मारत पाटाखाली घरंगळली. नातू गप्प झाला. मग खुदकन हसला आणि आणखी हवीत म्हणून दोन्ही हात वर केले.

विहीणबाई नातवाचे नाक चोळता चोळता कबूल करून गेल्या, "आबा, तुमनाच बोरं बेस शेतस. मन्हा तं नुसता धोंडा."